पंख्याकडून पहिला

पिंपळदरा (नेकनूरजवळ), जि. बीड
३ फेब्रुवारी १९८७

बिभीषणदादांना नमस्कार,

सही बघूनही तुम्हाला माझी ओळख लागणार नाही, म्हणून आधीच सांगते. तुमची मंजुळामावशी, तिची मी धाकटी, छबू. थोरल्या ताईच्या लग्नात विहिरीवरचं इंजिन बंद पडलं होतं. तुम्ही लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलंत आणि मूठ कानाला लावून, डोळे मिटून बसलात. पंगती खोळंबल्या होत्या, पण तुम्हाला उठवायची कुणाची छाती झाली नाही. मी तेव्हा आठ वर्षांची होते. परळीत तुमचं डिझेल इंजिनांचे पंप आणि नोझल दुरुस्त करायचं दुकान आहे एवढं ऐकून होते. आता काम पडलं म्हणून लिहिते आहे, राग मानू नका.

गावात आमची बायकांची दूध संस्था आहे. मी तिची सचिव. संस्थेच्या जुन्या जीपचं पेट्रोल इंजिन कायमचं जाम झालं, तेव्हा आमच्या ड्रायव्हरने, म्हाळूने, गावातल्या बद्रीनाथअण्णांच्या भंगारातल्या ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन तिच्यात बसवलं. जीप रोज सकाळी दूध घेऊन घाट उतरते, बीडला जाते. येताना तेच कॅन घासून, घाटाखाली पालीच्या एका विहिरीवर पाण्याने भरून आणायचे. आमची विहीर दिवाळीलाच आटली. सरकारी टँकर येतो त्या दिवशी गावात सण असतो.

ट्रॉलीत वीस कॅन बसतात. पण बाराच्या वर भरले की जीप मांजरसुंब्याच्या घाटात काळा धूर ओकते आणि मध्येच बसते. म्हणजे आठ कॅन रिकामे वर येतात, आणि रांगेतल्या शेवटच्या पंधरा-सोळा बायका रिकाम्या घागरी घेऊन घरी जातात. त्यांच्याकडे बघवत नाही.

२९ मार्चला संस्थेची सभा आहे. आमच्या भागाचे पुढारी पंडितराव म्हणतात, जीप विकून टाका, दूध माझा ट्रक नेईल. नेईलही. पण येताना तो त्यांचा माल आणणार, आमचं पाणी आणणार नाही. जीप सभेच्या आत धड झाली नाही, तर बायकाही कंटाळून हात वर करतील.

बीडचा एक दुकानदार म्हणतो, दुसऱ्या बनावटीचे मोठ्या भोकाचे नोझल टाका, घाट उडत चढेल. टाकावेत का? म्हाळू विचारतो आहे.

तुमची
छबू


परळी वैजनाथ
८ फेब्रुवारी १९८७

छबू, आशीर्वाद.

ओळख लागली. हातात जिलबी घेऊन माझ्या शेजारी उभी राहून, "दादा, ते काय म्हणतंय?" असं विचारणारी ती तूच ना? मी तुला हाकलून दिलं होतं. खरं सांगायचं तर टाकीत डिझेलच नव्हतं. पण एवढ्या पाहुण्यांसमोर डोळे उघडून तसं सांगायची मला लाज वाटली.

आता तुझा म्हाळू. ट्रॅक्टरचं इंजिन जीपमध्ये घालणारा माणूस एक तर अर्धवट असतो, नाही तर हुशार. इंजिन अजून चालतंय म्हणतेस, तेव्हा हुशार धरून चालू. ट्रॅक्टर शेतात एका चालीने चालतो. जीपला घाटात दर वळणाला दम बदलावा लागतो. जुने नोझल तिथे कमी पडतात हे दुकानदाराचं म्हणणं बरोबर. उपाय मात्र चुकीचा. नोझलचं काम डिझेलचं धुकं करायचं. धुकं सगळं जळतं, थेंब अर्धा राहतो, आणि तोच तुमचा काळा धूर. आहे तेच जळत नाही, त्यात आणखी ओतलं तर पिस्टन वितळेल आणि जीप घाटातच ठेवून यावी लागेल.

जीप इकडे आणायला सांगत नाही, तुमचं दोन दिवसांचं पाणी जाईल. असं करा. चारही नोझल काढून बाहेरच्या बाहेर पाइपांना जोडा, तोंडं बाहेर. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने प्रत्येक नोझलसमोर एका वितीवर कोरा कागद धरायचा. एकच फवारा. हात कागदाच्या मागे कधीच नको, कडेने धरा. तो फवारा कातडीत घुसतो, माझ्या ओळखीच्या एकाचं बोट त्यात गेलं आहे. कागदांवर नंबर घाला, सुकवा आणि पाठवा. लोक पत्रिका बघतात तसे मी कागद बघतो.

बिभीषण


पिंपळदरा
१५ फेब्रुवारी १९८७

बिभीषणदादा,

चार कागद सोबत आहेत. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची जून ते सप्टेंबरची पानं घेतली, मागून कोरी होती. तशीही त्या महिन्यांनी गावाला काही दिलं नव्हतं. पाकीट देताना पोस्टमास्तर म्हणाले, "छबूबाई, याला डिझेलचा वास कावून येतोय?" मी म्हटलं, "परळीच्या वैद्याला नाडी पाठवतेय."

संस्थेतल्या वत्सलाबाईने चावी फिरवली, म्हाळूने कागद धरले. दोन, तीन आणि चारचे डाग पिठाचा हात झटकल्यासारखे गोल आणि बारीक आले. एकच्या मध्ये मोठा टिपका आहे आणि तिथून ओघळ निघाला. तो वाईट, एवढं आम्हालाही कळलं.

तुमचं धुक्याचं मी सगळ्यांना समजावलं. रतनबाईला पटेना. तिला म्हटलं, अंगणात सडा घालतेस तेव्हा बादली पालथी करतेस का? चांगल्या हाताची बाई एका तांब्यात अख्खं अंगण भिजवते. मग पटलं. तशी सात महिन्यांत इथे कुणी सडा घातलेला नाही.

म्हाळू विचारतो, कानाला स्क्रूड्रायव्हर लावला तर चारांतल्या एका जागी खर्र असा जड आवाज येतो. तो त्याच नोझलचा असेल का?

छबू


परळी वैजनाथ
२० फेब्रुवारी १९८७

छबू,

कागद आले. मी ते सकाळपासून चार वेळा पाहिले, आणि नोझलपेक्षा कागद धरणाऱ्यालाच जास्त पाहिलं. चारही वेळा बरोबर एक वीत. कुठे तिरका नाही, कुठे थरथर नाही. डागाची कड बघून हे कळतं. माझ्याकडे पंधरा-पंधरा वर्षं काम केलेल्यांना हे साधलं नाही. वर तो कानाला स्क्रूड्रायव्हर लावून खर्र ऐकतो. हो, तो त्याचाच आवाज. हे त्याला कुणी शिकवलं?

म्हाळूला पाऊस पडल्यावर माझ्याकडे पाठव. राहायला खोली देतो, पगार देतो. मला असा हात हवा आहे. चेष्टा करत नाही.

एक नंबरचा नोझल गळतो आहे. पंख्याकडचा पहिला काढून टाका आणि सोबतचा बसवा. हा मी स्वतः घासून जुळवलेला आहे, बाजारात असा मिळायचा नाही. खाली तांब्याचा वॉशर नवा घाला. दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. बाकी तिघांना हात लावू नका. काढलेला मला परत पाठवा. बीडच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे पार्सल दिलं आहे.

बिभीषण


पिंपळदरा
२७ फेब्रुवारी १९८७

बिभीषणदादा,

सांगितलंत तसंच केलं. पंख्याकडचा पहिला काढला, तुमचा बसवला. त्याच भरवशावर काल वीस कॅन भरले.

तिसऱ्या वळणाला जीप बसली. पहिल्यापेक्षा जास्त धूर. वत्सलाबाई आणि रतनबाई मागे ट्रॉलीत होत्या, त्यांनी उड्या टाकून चाकांना दगड लावले. आठ कॅन ओतून द्यावे लागले. जवळ एक धनगर मेंढरं घेऊन थांबला होता. त्याच्या मेंढरांनी प्यायलं, तेवढं तरी मातीत गेलं नाही. गावात आल्यावर रांगेतल्या शेवटच्या बायका रिकाम्या घागरी उचलून घरी गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

संस्थेच्या बैठकीत ठरलं की बीडहून मोठ्या भोकाचे आणायचे. सभेला आता महिनाच राहिला. काढलेला नोझल आजच्या एसटीने पाठवते आहे.

छबू


परळी वैजनाथ
४ मार्च १९८७

छबू,

तुम्ही पाठवलेला नोझल तपासायच्या यंत्रावर लावून पाहिला. तो ठणठणीत आहे. गळायचं तर सोडाच, कागदावर उठलेला फवारा तुमच्या चार नंबरच्या कागदाशी तंतोतंत जुळतो. म्हणजे तुझ्या म्हाळूने चांगला काढून मला पाठवला आणि गळका तसाच ठेवला.

ज्याला एक ते चार मोजता येत नाहीत, त्याच्या हातात पाना कुणी दिला? मागच्या पत्रात मी त्याच्या नावाने नाचलो ते परत घेतो. त्याला संस्थेतून काढा. घाटात तुमच्या दोन बायका चाकाखाली आल्या असत्या, तर मी इथे काय तोंड दाखवलं असतं? आणि मोठ्या भोकाचे टाकायचेच ठरलं असेल तर टाका. नंतर मला विचारू नका.

बिभीषण


पिंपळदरा
९ मार्च १९८७

दादा,

म्हाळूला शिव्या देऊ नका. तो इथे नाहीच. दसऱ्यालाच टोळीबरोबर ऊसतोडीला सांगलीकडे गेला. इंजिन त्याने बसवलं हे खरं, तेव्हा पाने हातात द्यायला मी होते. जायच्या आधी त्याने मला जीप शिकवली, लायसन काढायला बरोबर आला. आमचे हे जनावरं घेऊन छावणीवर असतात. तेव्हापासून जीप मीच चालवते. कागद मी धरले. नोझल मी काढला. घाटात स्टिअरिंगवर मी होते.

तुमच्यापासून लपवलं त्याचं कारण सांगते. बीडच्या दुकानात मी आधी स्वतः गेले होते. तो म्हणाला, "बाई, तुमी ऱ्हाऊ द्या. एखादा माणूस पाठवा, त्याला समजावतो." तुम्हीही तसंच म्हणाल असं वाटलं, म्हणून म्हाळूचं नाव पुढे केलं. तुम्ही त्याचं कौतुक केलंत, तेव्हा ते पान मी तीनदा वाचलं. त्याला खोली देतो म्हणालात तेव्हा तर हसू आलं आणि मग वाईटही वाटलं.

आता चूक कुठे झाली ते. आमच्या ट्रॉलीत पहिला कॅन ड्रायव्हरच्या पाठीला टेकवून ठेवतात. तो एक नंबर. तिथून मागे दोन, तीन, असे वीस. किती वर्षं तसंच मोजते आहे. कागदांवर नंबर घातले तेही तसेच, माझ्याकडून पुढे. पंखा इंजिनाच्या पुढच्या टोकाला, म्हणजे माझा एक तो पंख्याकडून चौथा. तुम्ही "पंख्याकडचा पहिला" लिहिलंत तेव्हा मी थांबले होते. खर्र आवाज तर माझ्या बाजूने येत होता. पण म्हटलं, एवढा मोठा माणूस, कागदावरून त्यांना आणखी काही दिसलं असेल. माझ्या कानापेक्षा तुमच्या पत्रावर विश्वास ठेवला.

मोठ्या भोकाचे चार नोझल येऊन माझ्या टेबलावर पडले आहेत. पंचवीस तारखेपर्यंत ते बसवायचे असं ठरलं आहे. मला बसवायचे नाहीत. आत्ता जीपमध्ये तुमचा एक, दोन आमचे जुने आणि तो गळका आहे. तुमच्याकडे आलेला आमचा चांगला परत पाठवा, म्हणजे तो गळक्याच्या जागी घालते. रागाने का होईना, उत्तर द्या.

छबू


परळी वैजनाथ
१४ मार्च १९८७

छबू,

आधी माझ्या चुका. नंबर कुठून घालायचे ते मी सांगितलं नाही. साऱ्या दुनियेतले मिस्त्री पंख्याकडून मोजतात, आणि दुनियेत मिस्त्रीच राहतात असं मी धरून चाललो. दुसरी चूक त्याहून मोठी. नोझल चारांचा संच असतो. चारही एकाच दाबाला उघडले पाहिजेत, नाही तर एक पुढे ओढतो, दुसरा मागे. हे मी तीस वर्षं लोकांना सांगत आलो आणि तुला संचातला एकच काढून दिला. सगळा संच द्यायला जीव होईना म्हणून.

तू एक लपवलंस, मीही एक लपवलं. हे अक्षर माझं नाही. मी सांगतो आणि सून लिहून घेते, सुंदर तिचं नाव. दोन वर्षांपासून माझे हात कापतात. चहाची बशी धरवत नाही. यंत्राचा दांडा सुंदर दाबते आणि मी शेजारी बसून ऐकतो. तुझ्या कागदांवर थरथर नाही हे मला सगळ्यात आधी का दिसलं, ते आता तुला कळेल.

हात शाबूत होते तेव्हाचा शेवटचा संच मी घासून ठेवला होता. चार नोझल, तेलाच्या फडक्यात. कुणाला विकले नाहीत. त्यातला एक तुझ्याकडे आहेच, उरलेले तीन आज पाठवतो आहे. तुमचा जुनाही सोबत आहे, तो बाजूला ठेव, वेळेला कामाला येईल. मोठ्या भोकाचे दुकानदाराला परत कर. तुझ्या इंजिनाला भोक बारीक आणि दाब थोडा जास्त असलाच नोझल लागतो, आणि हा संच अगदी तसा जुळवलेला आहे. एका तांब्यात अंगण, हे तू माझ्याहून चांगलं सांगितलंस.

चारही बसवल्यावर आधी आठ कॅन, मग बारा, मग सोळा. एकदम वीस भरायचे नाहीत. प्रत्येक वेळी स्क्रूड्रायव्हर लावून ऐक. कान एक सांगत असेल आणि माझं पत्र दुसरं, तर कानाचं ऐक.

म्हाळूची माफी मागतो. आणि खोली देतो म्हणालो होतो ते तुला कसं म्हणणार, तुझ्यावर अख्ख्या गावाच्या घागरी आहेत. पण हात तुझाच हवा होता, हे खरं.

बिभीषण


पिंपळदरा
३१ मार्च १९८७

दादा,

तुमचे तीन नोझल अठराला मिळाले. एकोणीसला चारही बसवले. आठ, बारा, सोळा असं तुम्ही सांगितलंत तसं चढवत नेलं. दर खेपेला तिसऱ्या वळणाला खाली उतरून चारही जागी ऐकलं. खर्र गेला. चारही सारखेच बोलतात.

मोठ्या भोकाचे मी परत केले. दुकानदार म्हणाला, "कावून, जमलं न्हाई का तुमच्या माणसाला?" मी म्हटलं, "माणसाला न्हाई, मलाच नको वाटले." त्याने पैसे मोजून दिले.

एकोणतीसला सभा होती आणि त्याच सकाळी मी पहिल्यांदा वीस भरले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या वळणाला वत्सलाबाई ट्रॉलीत दोन हातांत दोन दगड घेऊनच उभी होती. जीप थांबली नाही. वर माथ्यावर आल्यावर तिने दगड खाली टाकले आणि रडायला लागली. मी जीप थांबवली नाही, नाही तर मीही रडले असते.

गावात पोचलो तर पंडितराव सभेच्या सतरंजीवर एकटेच बसलेले. सगळ्या बाया घागरी घेऊन जीपकडे आल्या होत्या. शेवटच्या घराची घागर भरेपर्यंत सभा सुरू झाली नाही. मग पंडितराव स्वतः उठून आले, इंजिनावर हात ठेवला, म्हणाले, "आवाज तर लई मऊ हाय. केलं कुनी हे?" माझी नजर खाली गेली. बेचाळीस बायकांनी माझ्याकडे बोट केलं. पंडितरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "मग इकायची कशाला? माझ्या ट्रकचंबी एकदा बघा." जीप विकायचा ठराव मांडलाच गेला नाही. माणूस वाईट नाही, फक्त त्याला आधी दिसावं लागतं.

काल पाडवा होता. सगळ्यांच्या घागरी भरून शेवटच्या कॅनच्या तळाला तांब्याभर पाणी उरलं. बायकांनी ते मला दिलं. मी संस्थेच्या दारात सडा घातला. एका तांब्यात सगळं अंगण भिजलं, कोपरासुद्धा सुटला नाही. मातीचा वास आला तेव्हा दोन-तीन म्हाताऱ्या नुसत्या येऊन उभ्या राहिल्या.

बसवण्याआधी चारही नोझलचे कागद घेतले होते, ते सोबत आहेत. नंबर पंख्याकडून घातले आहेत.

छबू


परळी वैजनाथ
५ एप्रिल १९८७

छबू,

हे माझं अक्षर. सुंदरला लिहू दिलं नाही. वाचायला वेळ लागेल, लागू दे.

कागद भिंतीवर लावले. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय आहे. मी सांगतो, माझ्या मावसबहिणीचा हात.

नोझल तपासायचं यंत्र उद्याच्या एसटीने पाठवतो आहे. जड आहे, दोघींनी उतरवून घ्या. त्या भागातल्या गाड्या आता तुझ्याकडे येतील. पंडितरावांचा ट्रक पहिला घे. अडलं तर ऐकून लिही, मी सांगेन. सुंदरसाठी दुसरं जुनं यंत्र आहे.

लग्नात मी तुला हाकललं होतं. आता मीच विचारतो. ते काय म्हणतंय, छबू?

बिभीषण